कुट्टी बारीक, फॅट कमी

‘चारा जितका बारीक, तितका गाईला पचायला सोपा,’ हे गोठ्यात इतक्या वेळा ऐकू येतं की कुणी त्याची उलटतपासणी करत नाही. कडबाकुट्टीची पाती पारजून ज्वारीचा कडबा अगदी भुशासारखा केला की गव्हाणीत काडी उरत नाही, मालक खूश. थोड्याच दिवसांत डेअरीच्या पावतीवर फॅट ३.५ च्या खाली घसरतो. मग दृष्ट लागली म्हणून गोठ्याच्या दारात लिंबू-मिरची टांगली जाते, नाहीतर दुकानातून ‘फॅट वाढवणारी’ पावडर येते. त्यातल्या त्यात लिंबू स्वस्त.

खरी भानगड कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात आहे. गाय चारा नीट न चावताच गिळते. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्या पुढचं. त्यात लांब काड्या एकमेकींत गुंतून तरंगतात आणि त्यांची जाडजूड गादी तयार होते. खाली पातळ रस. या गादीतल्या काड्या पोटाच्या आतल्या भिंतीला टोचत-घासत राहतात आणि ती टोचणीच रवंथीची घंटा असते. घास वर येतो, गाय तो पन्नासेक वेळा चघळते, पुन्हा गिळते. चांगल्या चाऱ्यावर हा उद्योग दिवसाला सात-आठ तास चालतो.

आणि चघळलं की लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरहून अधिक! तिच्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातलाच घटक. कोठीपोटातले जिवाणू चारा आंबवून सतत आम्ल तयार करतात, त्याला ही लाळ आवर घालते. काडी भुशासारखी झाली की गादी विरळ, रवंथ कमी, लाळ कमी. सामू (आम्लतेचं माप, pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. अ‍ॅसिटिक आम्ल, ज्यापासून कास दुधातली चरबी बनवते, त्याचं प्रमाण घटतं. शिवाय पेंडीतल्या असंतृप्त स्निग्धाम्लांवर जिवाणू करतात ती हायड्रोजन जोडण्याची प्रक्रिया वेगळ्या वाटेला लागते. त्यातून ट्रान्स-१०, सिस-१२ जातीचं संयुग्मित लिनोलेइक आम्ल (CLA) बनतं. ते रक्तातून कासेत पोचलं की चरबी बनवणाऱ्या विकरांची जनुकंच दबतात. अगदी थोडं पुरतं.

म्हणजे प्रश्न मिलिमीटरचा आहे, आणि मिलिमीटर मोजायला चाळणी लागते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने १९९६ साली एकावर एक बसणाऱ्या चाळण्यांचा डबा काढला. आज त्यात वरून १९, ८ आणि ४ मिलिमीटरची भोकं असतात, तळाला बंद पेटी. नमुना जेमतेम दीड लिटर, न वाळवता, जसा गव्हाणीत तसाच. सपाट जागेवर पाच झटके, मग डबा पाव फेरा वळवायचा, पुन्हा पाच. असे आठ वेळा. चाळीस झटक्यांनंतर प्रत्येक थर वजन करायचा. सगळं एकत्र मिसळलेल्या खाद्यात सर्वांत वर २ ते ८ टक्के, दुसऱ्यात ३० ते ५०, तिसऱ्यात १० ते २० आणि तळात ३० ते ४० टक्के असावं, अशी तिथली शिफारस. आपल्याकडे आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचं खाद्य, वेगळं घालतात, तेव्हा हे आकडे नुसत्या कुट्टीला लावू नका. मक्याच्या मुरघासाचं, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, माप निराळं: वर ३ ते ८, दुसऱ्यात ४५ ते ६५, तिसऱ्यात २० ते ३० आणि तळात १० टक्क्यांहून कमी.

मग काडी लांबच ठेवावी? तसंही नाही. लांब तुकड्यांचा मुरघास नीट दाबला जात नाही, हवा राहते, बुरशी धरते. आणि मिसळून घातलेल्या खाद्यात काड्या फार लांब असल्या तर गाय तोंडाने बाजूला सारून खालचा भरडा वेचून खाते. हे पकडायला चाळणी दोनदा लावावी: एकदा ताज्या खाद्याला, एकदा काही तासांनी गव्हाणीत राहिलेल्या उष्ट्याला. उष्ट्यात वरच्या चाळणीचा वाटा फुगला, तर पहिल्या तासात गाईने नुसती पेंड खाल्ली असं समजा.

डबा नसेल तर दुपारी गोठ्यात जा. आरामात बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी जबडा हलवताना दिसायला हव्यात.