‘किल -९’ हा पहिला उपाय नव्हे

दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी लिनक्स शिकायला येणारी मुलं एक गोष्ट आधीच पाठ करून येतात: प्रोग्राम अडकला की सरळ ‘किल -९’, साधं ‘किल’ कुचकामी. बडोद्यातच नाही, सगळीकडेच हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

‘किल’ ही कमांड स्वतः कुणाला मारत नाही, ती फक्त सिग्नल पाठवते. आकडा दिला नाही तर १५ क्रमांकाचा जातो. त्याचा अर्थ ‘आवरून घे आणि बंद हो’. नीट लिहिलेला प्रोग्राम तो ऐकतो, अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण करतो, तात्पुरत्या फायली पुसतो, लॉक सोडतो. ९ मात्र प्रोग्रामला ऐकूच येत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला आहे तिथेच संपवतो, आवराआवरीला क्षणही मिळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकाच कनेक्शनच्या प्रोसेसवर (चालू प्रोग्रामवर) ९ चालवलं, तरी सर्व्हर बाकीची सगळी कनेक्शन्स तोडतो आणि रिकव्हरी करून मगच पुन्हा उभा राहतो. एका अडकलेल्या क्वेरीसाठी केवढी ही किंमत!

शिवाय ९ रामबाणही नाही. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडच्या यादीत ‘झेड’ दिसणारी झोंबी प्रोसेस आधीच मेलेली असते. तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसने दखल घेतली की तिची नोंद जाते. ‘डी’ अवस्थेत डिस्कची वाट पाहणारीही सहसा ते काम सुटेपर्यंत हलत नाही.

आधी साधं ‘किल’ द्या, दहा-वीस सेकंद थांबा. नाहीच ऐकलं, तर ९.