मोजणी आणि मोबदला: टीम शूटरमधल्या रँकची पार्श्वभूमी

२२ एप्रिल २०२५ रोजी ‘ओव्हरवॉच २’ या टीमने खेळायच्या ऑनलाइन शूटरच्या, म्हणजे नेमबाजीच्या गेमच्या, सोळाव्या सीझनमध्ये ‘स्टेडियम’ हा नवा मोड आला. जुन्या कॉम्पिटिटिव्हला, म्हणजे रँकसाठी खेळायच्या मोडला, वैतागून गेम सोडलेली कितीतरी मंडळी त्याच्यामुळे परतली, आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली: इथे खेळल्याचं चीज होतं. खरं तर हिरो, म्हणजे खेळायची पात्रं, तेच आहेत, बरेचसे नकाशे ओळखीच्या जागांचेच आहेत आणि समोर पाचच जण उभे असतात. सीझनअखेरच्या बक्षिसांतही डोळे दिपावेत असं काही नाही. तरी हरून उठतानाही वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. असं का होतं हे समजून घ्यायचं तर रँक नावाच्या प्रकाराचा उगम बघावा लागतो, आणि तो शूटरमध्ये नाही, बुद्धिबळात आहे.

आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची गुणपद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली आणि ‘फिडे’ या जागतिक महासंघाने १९७० मध्ये. तिचं तर्कशास्त्र सरळ आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाची अपेक्षा बांधायची. एखादा २०० गुणांनी वर असेल, तर शंभर डावांत त्याने साधारण ७६ गुण मिळवावेत. त्याहून जास्त मिळवले तर त्याचा आकडा चढतो, कमी पडले तर उतरतो. कोण किती बरा खेळतो एवढंच ती सांगते. खेळणाऱ्याला हुरूप यावा, ही तिच्यावरची जबाबदारी कधीच नव्हती. हीच पद्धत पुढे ज्या कामाला जुंपली गेली, ते मात्र नेमकं हुरूप टिकवण्याचं होतं.

शूटरच्या पहिल्या काळात हा प्रश्न आलाच नाही. १९९६ मधल्या ‘क्वेक’च्या वेळी माणूस यादीतून सर्व्हर निवडायचा, रोज तिथेच जायचा, आणि त्याची पत तिथल्या नेहमीच्या लोकांच्या डोक्यात असायची. स्पर्धा खेळायची तर क्लॅन, म्हणजे स्वतःची कायमची टीम, बांधायचा. युरोपात क्लॅनबेस, अमेरिकेत सायबरॲथलीट अमॅच्युअर लीग अशा गेमबाहेरच्या संस्था तक्ते चालवायच्या. गुण क्लॅनच्या नावावर लागायचे. तेच पाच-सहा जण आठवडेच्या आठवडे एकत्र खेळत असल्यामुळे तो सामाईक आकडा प्रत्येकाला आपला वाटायचा.

ही घडी ‘हेलो २’ने मोडली. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या या गेमने एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर सर्व्हर निवडण्याची भानगडच काढून टाकली. बटण दाबायचं, आणि बरोबरीचे लोक शोधायचं काम यंत्राचं. प्रत्येकाला १ ते ५० अशी लेव्हल. सोय मोठीच झाली, पण आता तुमच्या टीममध्ये अनोळखी माणसं होती आणि त्यांच्या कर्तबगारीचा हिशोब तुमच्या खात्यावर पडू लागला. या गुंत्यावर केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या राल्फ हर्ब्रिख, टॉम मिंका आणि थोर ग्रेपेल यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘ट्रूस्किल’. २००५ पासून तो एक्सबॉक्स लाइव्हवर वापरात आला. त्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे ठेवले जातात: कौशल्याचा अंदाज, आणि त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. नवखा २५ वर सुरू होतो, पण क्रमवारीसाठी अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा केली जाते, म्हणून त्याची सुरुवात शून्यावर दिसते. टीमच्या निकालांवरून एकेका खेळाडूचा अंदाज बांधता यावा, हे या पद्धतीचं खास वैशिष्ट्य.

गणित म्हणून ते देखणंच आहे. त्याचा खेळणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम मात्र वेगळा. सामने वाढत जातात तशी अनिश्चितता घटते, आणि ती घटली की आकडा हलायचा थांबतो. पहिल्या वीस सामन्यांत झपाझप चढलेला माणूस दोनशेव्या सामन्यापर्यंत एकाच पट्ट्यात घुटमळायला लागतो. त्यात यंत्र त्याला सतत बरोबरीचे प्रतिस्पर्धी देतं, म्हणजे निम्मे सामने जिंकणं आणि निम्मे हरणं हे त्या यंत्राचं यश. मोजणी जितकी नेमकी, तितका खेळाडू जागच्या जागी. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे जोडून बघा: हातचं गेल्याची सल तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचते. जिंकून पंचवीस मिळाले आणि हरून पंचवीस गेले, तर खातं बरोबर सुटतं. मन मात्र तोट्यात राहतं, आणि रोज राहतं. ‘रँक्ड खेळलं की डोकं फिरतं’ या तक्रारीत टीममेटच्या नावाने जितकी बोंब असते, त्यातली निदान निम्मी या गणिताच्या नावावर टाकायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

दुसरी वाट २००७ मध्ये दिसली. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’मध्ये प्रत्येक किलबरोबर स्क्रीनच्या मधोमध गुण चमकायचे. ५५ लेव्हल, नवनव्या बंदुका, आणि सगळं संपलं की ‘प्रेस्टिज’ घेऊन पहिल्यापासून सुरुवात. हा आकडा कधी उतरायचाच नाही. महिनाअखेरच्या पगाराऐवजी रोजंदारी हातात पडावी तसा हा प्रकार होता, केलं की लगेच मिळालं. पण त्या लेव्हलवरून माणूस किती खेळला एवढंच कळायचं, कसा खेळतो ते नाही. त्याच वर्षीच्या ‘हेलो ३’ने तर दोन्ही शेजारीशेजारी ठेवले, कौशल्याची वर-खाली होणारी लेव्हल आणि साठत जाणारे अनुभवाचे गुण.

मोजणी आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाच उघड झालं होतं. पुढची बरीच वर्षं गेम बनवणारे दोन्ही कामं एकाच बिल्ल्याकडून करून घ्यायला बघत राहिले. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ने खरा आकडा पडद्याआड नेऊन ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे बिल्ले पुढे केले. २०१३ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ने उघड एलो आकडा काढून डिव्हिजन नावाच्या पायऱ्या आणल्या. शूटरमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ने १८ पायऱ्या मांडल्या आणि त्यांच्यामागचं गणित झाकून ठेवलं.

या ओढाताणीचा सगळ्यात बोलका नमुना ‘ओव्हरवॉच’च. मे २०१६ मध्ये गेम आला आणि जूनअखेर कॉम्पिटिटिव्ह सुरू झालं. पहिल्या सीझनमध्ये पट्टी १ ते १०० होती, आणि बरोबरी झाली तर ‘सडन डेथ’मध्ये हल्ला कोण करणार हे चक्क नाणं उडवून ठरायचं. कौशल्य मोजायला निघालेल्या मोडमध्ये नाणेफेक! दुसऱ्या सीझनला ती गेली आणि पट्टी ५००० पर्यंत वाढली. तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहिला. सहा जणांत तुमचा वाटा किती? त्यासाठी निकालाबरोबर वैयक्तिक कामगिरीही गुणांत धरली जात होती. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मोजलं जातं तेच खेळलं जातं. सामना वाचवण्यापेक्षा आकडे फुगवणं काहींना परवडू लागलं, तर गरजेनुसार हिरो बदलणाऱ्याला शंका यायची की आपण टीमसाठी खेळतोय म्हणून मागे पडतोय. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये, आठव्या सीझनपासून, डायमंड आणि त्यावरच्या खेळाडूंसाठी हा भाग काढून टाकला गेला. तिथे उरला फक्त निकाल. मोजणी स्वच्छ झाली, आणि उत्तम खेळून हरलेल्याच्या हाती काहीच पडेनासं झालं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ आला तेव्हा तर उघड आकडाच गेला. सात सामने जिंकल्यावर किंवा वीस हरल्यावर रँकचं नवं कार्ड उलगडायचं. रोजच्या चढउताराचा त्रास वाचावा हा हेतू असेलही. प्रत्यक्षात सात विजयांसाठी कित्येक संध्याकाळी घालवायच्या आणि कार्डवर तोच जुना बिल्ला बघायचा, असा अनुभव अनेकांना आला. ही संख्या नंतर कमी केली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नवव्या सीझनपासून प्रत्येक सामन्यानंतर टक्केवारीत बदल दिसू लागला, तो का झाला याच्या टिपेसह. ही सुधारणा चांगली होती, पण मोबदला अजूनही सामन्याच्या टोकालाच अडकलेला होता.

तो सामन्याच्या आत आणण्याची युक्ती मात्र या सगळ्याच्या आधीपासून अस्तित्वात होती. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांचा ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला नवा अवतार, म्हणून आला, पुढच्या वर्षी तो व्हॉल्व्हने बाजारात आणला. राउंडगणिक खेळ आणि राउंडगणिक पैसा, हा त्याचा गाभा. किल केला, बॉम्ब लावला, राउंड जिंकला की पैसे, आणि पुढच्या राउंडला त्यातून बंदूक. लागोपाठ हरणाऱ्यालाही वाढती रक्कम मिळते. आजच्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये ती १,४०० डॉलरपासून ३,४०० पर्यंत जाते. १३–११ ने हरलेल्या टीमच्या पदरात अकरा राउंड असतात, आणि त्यातला एखादा एकट्याने दोघांना गारद करून फिरवलेला असतो. तो आनंद सामन्याच्या निकालावर अवलंबून राहत नाही. ‘व्हॅलोरंट’ने २०२० मध्ये हाच साचा उचलला. ‘ओव्हरवॉच’च्या घराण्यात मात्र सामना अखंड वाहायचा. गाडी ढकलत न्यायची, मरायचं, परत यायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकच शब्द: जिंकलात किंवा हरलात.

‘स्टेडियम’ने जुन्या घराण्यात ही दुसऱ्या घराण्याची रीत आणली. तो आला तेव्हा सातपैकी चार राउंड जिंकायचे होते. शत्रूचं नुकसान केलं, साथीदाराला हील केलं म्हणजे बरं केलं, किल मिळाली, मोक्याची जागा धरली की ‘स्टेडियम कॅश’ जमते, आणि दोन राउंडच्या मध्ये ‘आर्मरी’ उघडते. तिथून वस्तू घ्यायच्या. सुरुवातीच्या रचनेत एकाआड एक राउंडला हिरोचा स्वभावच बदलून टाकणारी ‘पॉवर’ निवडायची. निवडलेला हिरो सामना संपेपर्यंत बदलता येत नाही. हिरोच्या पाठीमागून बघणाऱ्या थर्ड पर्सन कॅमेऱ्यावर सुरुवातीला बरीच चर्चा झाली; माझ्या मते तो यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा बदल.

खरा फरक सपोर्ट, म्हणजे साथीदारांना हील करणारा हिरो, खेळणाऱ्याला जाणवतो. जुन्या मोडमध्ये त्याने टँकला, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्या हिरोला, दहादा जिवंत ठेवलं तरी त्याची पोच टॅब दाबून दिसणाऱ्या तक्त्यातल्या एका आकड्यापुरती. इथे त्याच हीलिंगचे पैसे होतात आणि त्या पैशांतून पुढच्या राउंडला तो दिसेल इतका ताकदवान होतो. २०१८ मध्ये ज्या वैयक्तिक कामगिरीला वरच्या रँकच्या हिशोबातून बाहेर काढावं लागलं होतं, ती इथे सामन्याच्या खिशात परत आली. फरक एवढाच की आता ती रँक ठरवत नाही, फक्त पुढचा राउंड कसा खेळता येईल ते ठरवते. आकडे फुगवण्याचा लोभ सगळा गेला असं नाही, पण फुगवलेला पैसा निदान टीमच्याच कामी येतो.

दुसरं म्हणजे हरण्याचा अर्थ बदलतो. पहिला राउंड गेला, कारण समोरच्या टीममधली ट्रेसर ही हिरो सारखी पाठीमागून येत होती. आर्मरीत जाऊन आयुष्य वाढवणारी वस्तू घेतली, आणि अंदाज बरोबर होता का हे काही मिनिटांत कळलं. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २००६ मधल्या अभ्यासात गेमच्या ओढीमागे आपल्याला जमतंय ही जाणीव, स्वतःचा निर्णय आणि इतरांशी नातं या तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिल्या दोघींना जुना अखंड सामना फार उशिरा उत्तर द्यायचा. राउंडांची रचना ते पुन्हा पुन्हा देते.

याची किंमतही आहे. पैशाने पैसा वाढतो, आणि पहिले दोन राउंड एकतर्फी झाले की तिसऱ्यात मागच्या टीमला उभं राहणं जड जातं. म्हणून भरात असलेल्या खेळाडूवर ‘बाउंटी’ लागते. त्याला पाडणाऱ्याला जादा रक्कम. काउंटर-स्ट्राइकची हरणाऱ्यांना मदत आणि ही बाउंटी एकाच दुखण्यावरची दोन औषधं. शिवाय मोजणी इथे गढूळ होते. नेम चांगला की खरेदी हुशार, हे निकालावरून वेगळं काढता येत नाही.

मोबदला आणि मोजणी उघडपणे वेगळी करताना किती ठेच लागू शकते हे ‘रेनबो सिक्स सीज’ने डिसेंबर २०२२ मध्ये दाखवलं. त्याच्या ‘रँक्ड २.०’ मध्ये दर सीझनला सगळ्यांचा बिल्ला सगळ्यात खालच्या कॉपरपासून सुरू व्हायचा, पण जोड्या लपलेल्या कौशल्यावरून लागायच्या. चढण्याची मजा आली. त्याबरोबर लॉबीत कॉपर आणि प्लॅटिनम शेजारीशेजारी दिसू लागले आणि बिल्ल्यावरचा लोकांचा विश्वासच डळमळला. ‘स्टेडियम’ने त्या मानाने सुरक्षित वाट धरली. त्याची शिडी रूकीपासून लेजंडपर्यंत अगदी स्वतंत्र आहे, ब्रॉन्झ ते चॅम्पियनच्या जुन्या शिडीशी तिचा संबंध नाही. तरी नव्या शिडीवरचा ऑल-स्टार मोठा की जुन्या शिडीवरचा ग्रँडमास्टर हा वाद काही थांबत नाही. ग्रँडमास्टरच्या बिल्ल्यामागे फक्त सामन्यांचे निकाल असतात. ऑल-स्टारला तिथे पोचवताना आर्मरीतल्या खरेदीचाही हात असतो, आणि तो किती हे त्याच्या बिल्ल्यावरून सांगता येत नाही.