‘जंगल’ शब्दाची वाट आणि आपलं झुडपी जंगल

पूर्व विदर्भात बऱ्याच गावांच्या महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद सापडते. जागेवर जाऊन पाहिलं तर बोरी, पळस, एखादी टेंभुर्णी आणि चरणारी गुरं. मग याला जंगल कोणी म्हटलं? इंग्रजीतला ‘जंगल’ आज घनदाट, ओल्या, किर्र अरण्याचं चित्र उभं करतो आणि आपणही शब्द त्याच डोळ्यांनी पाहायला लागलो आहोत. मुळात तो असा नव्हता.

संस्कृतातला ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा प्रदेश. आयुर्वेदात देशाचे, म्हणजे भूप्रदेशाचे, तीन प्रकार मानले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. त्यांतला पाणथळ तो आनूप, म्हणजे आज इंग्रजीत ज्याला जंगल म्हणतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारात बसेल! चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल देशाचं वर्णन आहे. चहूकडे मोकळं आकाश, रुक्ष वारा, मृगजळ आणि खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी ही झाडं. आपल्या भाषेत खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा. ही यादी वाचताना मला दरवेळी उन्हाळ्यातलं आपलंच शिवार दिसतं.

पुढे देशी भाषांत आणि फारसीत ‘जंगल’ रुळला आणि पडीत, झुडपं माजलेल्या जमिनीलाही लागू झाला. इंग्रजीत तो याच अर्थाने गेला. नॅथॅनियल हॅल्हेड यांनी हिंदू कायद्यांचा संग्रह १७७६ मध्ये इंग्रजीत आणला. त्यात पाच वर्षं पडीत राहिलेल्या जमिनीला जंगल म्हटलं आहे. दाट अरण्याचा अर्थ नंतर चिकटला.

आपल्या महसुली नोंदीत मात्र जुना अर्थ टिकून राहिला, आणि तोच पुढे अडचणीचा ठरला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनसंवर्धन कायद्यातला ‘वन’ शब्द कोशातल्या अर्थाने घ्या, शिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात धरा, असं सांगितलं. २२ मे २०२५ च्या निकालात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल वनजमीन ठरलं. १९९६ च्या आदेशाआधी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची आहे.