वार्ताहर म्हणायचं तरी कोणाला? मराठवाड्यातल्या बातमी-पडताळणी प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

जून २०१८ मध्ये वैजापूर तालुक्यात जमावाने चोर समजून काही जणांना गाठलं. मारहाणीत दोघांचा जीव गेला. लगोलग १ जुलैला खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे ठरवून ठेचून मारण्यात आलं. या दोन घटनांच्या मधल्या दिवसांतच एका बड्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीने भारतातल्या ८ हजार पत्रकारांना वर्षभरात बातमी पडताळायला शिकवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तो सात भाषांत होता आणि मराठी त्यात होती. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या कार्यशाळा होतात, त्यांची सुरुवात शोधायची तर ती त्या उन्हाळ्याच्या शेवटी सापडते.

त्या वेळी देशभर फिरलेला व्हिडिओ अनेकांच्या अजून डोळ्यासमोर असेल. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि भरधाव निघून जातात. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात. फिरवणाऱ्याने फक्त शेवट कापला. नवं काही बनवावं लागलं नाही. पडताळणी शिकवताना मला हे उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं, कारण खोटेपणा त्या चित्रात नव्हताच. तो कापून टाकलेल्या शेवटात होता.

अर्थात भुमका उठणं, कंडी पिकणं इथे मोबाईलने आणलं नाही. निजामाच्या राज्यात खरी बातमीच चोरून आणावी लागे. १९३८ साली सुरू झालेलं एक साप्ताहिक पुण्याहून निघे. बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि ती अडचण संपली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा इथल्या छापील मजकुराने काय केलं, याचा हिशेब आपल्या पत्रकारितेने अजून पुरेसा मांडलेला नाही. कार्यशाळांत तर तो विषय निघतच नाही. अपप्रचार म्हणजे व्हॉट्सॲप, असं धरून चालल्याने छापखान्याची जबाबदारी अलगद सुटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तालुक्याची बातमी एसटीने जायची. कागदावर लिहायचं, पाकीट चिकटवायचं, वर ‘बातमी – तातडीचे’ लिहायचं आणि जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. पाकीट डेस्कवर पोचेपर्यंत चार तास जात. तेवढ्यात एखादी आवई आपोआप विरून जाई किंवा दुसऱ्या गावचा माणूस ‘तसं काही नाही’ म्हणून सांगे. पुढे फॅक्स आला, मग ई-मेल, मग व्हॉट्सॲप. ते चार तास गेले आणि त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

प्रशिक्षणाच्या मुळाशी असलेला खरा गुंता ‘वार्ताहर’ या शब्दात आहे, आणि त्याकडे कोणी नीट पाहिलेलं नाही. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ चा. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो त्या कामासाठी नेमलेला आहे, तो पत्रकार, असं त्याने धरलं. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके. या तालुक्यांत बातमी गोळा करणारा माणूस बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्र चालवतो, झेरॉक्सचं दुकान टाकतो, शिकवण्या घेतो किंवा शेती करतो. त्याला वार्ताहर म्हणतात, प्रतिनिधी म्हणतात, आता इंग्रजी वळणाने स्ट्रिंगरही म्हणतात. नेमणुकीचं पत्र असेलच असं नाही. ओळखपत्र असतं, तेही मुदतीचं. मानधन मिळालंच तर पेट्रोलपुरतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्याचा वाढदिवस हे त्याचे हंगाम. पुष्कळ ठिकाणी अंकांची एजन्सीही त्याच्याच गळ्यात.

सरकारी अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारची मान्यता, मिळवायची तर अटी वेगळ्या, आणि त्या त्याच्यासारख्याला सहसा जमत नाहीत. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ साली केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. पण त्या कायद्याचाही आधार माध्यमसंस्थेशी असलेली नोकरी किंवा करार हाच आहे. म्हणजे मार खाल्ल्यावर आधी ‘तुम्ही आमचेच’ असं संस्थेने म्हणायला हवं. काही संस्था म्हणतात. काही म्हणत नाहीत.

आता हाच माणूस कार्यशाळेत बसतो. फोटो गूगल लेन्सवर टाकून मूळ जागा कशी शोधायची, व्हिडिओतल्या दुकानाच्या पाटीवरून गाव कसं ओळखायचं, जुनी तारीख कशी पकडायची, हे सगळं तो चटकन शिकतो. गावातली दुकानं, बोली, रस्ते त्याला शहरातल्या तज्ज्ञापेक्षा जास्त ठाऊक असतात. संध्याकाळी घरी पोचतो तर फोनवर व्हिडिओ आलेला असतो, आणि तो पाठवलेला असतो वर्षाला पानभर जाहिरात देणाऱ्या माणसाने. ‘हे खोटं आहे’ असं लिहायचं कसं, हे त्याला आता येतं. लिहिल्यावर पुढच्या वाढदिवसाची पुरवणी कोण देणार, याचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात नसतं. म्हणून मदतीचा विचार कौशल्यापुरता ठेवून चालणार नाही. त्याचं मानधन, नेमणूकपत्र आणि कोर्टकचेरीच्या वेळी पाठीशी उभा राहणारा वकील याच मदतीत धरायला हवा.

सरकारने मात्र दुसरीच वाट धरली. खोटं काय हे सरकारनेच ठरवावं, अशी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर तपासणाऱ्या कक्षाची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं. मार्चमध्ये केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी तरतूद घटनाबाह्य ठरवली. मार्च २०२५ ला राज्य सरकारने बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी १० कोटी रुपयांची तयारी दाखवली. दिशाभूल करणाऱ्या बातम्या वेचणं हेही त्याच्या कामात होतं. ७६ तालुक्यांतल्या वार्ताहरांच्या मानधनासाठी असा आकडा मी तरी कधी ऐकला नाही.

मोबाईल इंटरनेट बंद करणं हा आणखी एक उपाय. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली तेव्हा तो वापरला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरातही तेच. अफवा थांबावी हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ती खोडणारी बातमीही त्याच फोनवरून जाते. अशा वेळी वार्ताहराकडे उरतो तो साधा कॉल. रस्ता खरंच बंद आहे का, अमक्या वस्तीत खरंच काही घडलंय का, हे विचारायला लोक त्यालाच फोन लावतात. तो दुचाकी काढून पाहून येतो आणि एकेकाला सांगत बसतो. त्याचं बिल कुठल्याच संस्थेला लावता येत नाही.