गव्हाच्या दाण्यावरचे पन्नास हजार

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निफाडकडे गव्हाच्या पेरणीची घाई सुरू होते. ओसरीवर गोणपाट अंथरायचं, त्यावर दहा किलो बियाणं ओतायचं, गूळ विरघळवून उकळून थंड केलेलं पाणी शिंपडायचं आणि काळ्या भुकटीचं २५० ग्रॅमचं पाकीट वर रिकामं करायचं. चोळायचं ते हलक्या हातानं. दाणा न् दाणा काजळ लावल्यासारखा झाला की बियाणं सावलीत सुकवायचं. ही भुकटी बहुतेक वेळा लिग्नाइट या कोळशाची असते आणि तिच्यात मुक्काम असतो हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टर या जिवाणूचा.

थोडा हिशेब करू. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत २५,००० दाणे. दर दाण्याच्या वाट्याला एक मिलिग्रॅम भुकटी येते. सरकारी मानकानुसार एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. म्हणजे एका दाण्यावर ५०,००० जिवाणू बसतात! हेच वावरभर पसरायचे तर हेक्टरातली वरची १५ सेंटिमीटर मातीच सुमारे २० लाख किलो आहे, आणि बियाणं लागतं जेमतेम १००-१२५ किलो. मूळ जिथं फुटणार तिथंच जिवाणू नेऊन ठेवायचे, एवढीच यातली युक्ती.

बायेरिंक या डच शास्त्रज्ञानं १९०१ मध्ये या जिवाणूचं वर्णन केलं. हवेतला नत्र पकडणारं त्याचं विकर प्राणवायूनं निकामी होतं आणि हा तर राहतो मोकळ्या हवेत. मग तो श्वसनच इतक्या झपाट्यानं करतो की पेशीत प्राणवायू साचत नाही. पण त्यापायी अन्न बेसुमार जळतं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीतल्या रायझोबियम या जिवाणूला झाड बसल्या जागी साखर पुरवतं. याला मातीतलं सेंद्रिय द्रव्य स्वतः शोधावं लागतं. शेणखत न पाहिलेल्या रानात तो उपाशीच राहणार.

सोव्हिएत संघात ‘अ‍ॅझोटोबॅक्टेरिन’ या नावानं हा जिवाणू प्रचंड क्षेत्रावर वापरला गेला. काही ठिकाणी उत्पन्न वाढलं, काही ठिकाणी काहीच घडलं नाही. पुढे इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रातल्या अभ्यासात असं दिसलं की हा जिवाणू वाढ घडवणारी संप्रेरकं तयार करतो आणि रोपावरचा परिणाम बराचसा त्यांचाच असावा. त्यामुळे पाकिटावरचा नत्रबचतीचा आकडा मी जरा हातचं राखूनच वाचतो.

सोबत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणूही लावतात. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी जखडून बसतं. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते थोडंफार सुटं करतात.

क्रम मात्र चुकवू नये: बुरशीनाशक आधी, ते वाळलं की जिवाणू, आणि मग लगेच पेरणी. पाकीट घेताना वापराची मुदत पाहावी आणि ते दुकानात कुठं ठेवलं होतं तेही. दारात उन्हात तापलेलं पाकीट फोडलं तरी भुकटी तशीच काळी दिसते, आतलं कुणी जिवंत आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही.