इंग्रजी सर्वनामांची कर्तृरूपे व कर्मरूपे

इंग्रजीत बहुतेक पुरुषवाचक सर्वनामांना दोन रूपे असतात. कर्त्याच्या जागी ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ येतात. क्रियापदाचे कर्म म्हणून आणि ‘टू’, ‘फॉर’, ‘बिट्वीन’ अशा शब्दयोगी अव्ययांनंतर ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’. ‘यू’ आणि ‘इट’ दोन्हीकडे तसेच राहतात.

जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय लागत. ते झिजून गेले. सर्वनामांत मात्र त्यांचा अवशेष टिकला. आजचे ‘हिम’ मुळात चतुर्थीचे रूप असून त्याने द्वितीयेचे रूप गिळून टाकले. ‘यू’ हेसुद्धा एके काळी केवळ कर्मरूप होते, कर्त्यासाठी ‘यी’ होते. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा भेद पाळलेला दिसतो.

कोणते रूप घ्यायचे हे अर्थावर नव्हे, तर वाक्यातील जागेवर ठरते, आणि मराठी माणूस अडखळतो तो इथेच. ‘मला ती आवडते’ यात ‘ती’ प्रथमेत आणि ‘मला’ चतुर्थीत. इंग्रजीत नेमके उलट, ‘आय लाइक हर’. ‘त्याने जावे असे मला वाटते’ याचे ‘आय वाँट हिम टू गो’ होते: जाणारा तो, तरीही रूप कर्माचे. त्यात इंग्रजीतले ‘मी’ म्हणजे ‘मला’, त्यामुळे ‘मी वेंट’ मराठी कानाला खटकतही नाही.

एकेकट्या सर्वनामाशी इंग्रजी भाषक सहसा चुकत नाहीत. गोंधळ होतो तो ‘अँड’ने जोडलेल्या जोडीत. उपाय सोपा आहे: जोडीदार वगळून वाक्य म्हणून पाहावे. ‘दे इन्व्हायटेड माय ब्रदर अँड आय’ यातला भाऊ काढला की ‘दे इन्व्हायटेड आय’ उरते आणि चूक उघडी पडते. ‘मी अँड हिम वेंट’ म्हटल्यावर बोलणी खाल्लेले मूल पुढे सगळीकडेच ‘अँड आय’ म्हणू लागते. अशा अतिशुद्धीचे ठळक उदाहरण म्हणून ‘बिट्वीन यू अँड आय’ दाखवतात. पण हा प्रयोग शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील अँटोनियोच्या पत्रातही आहे, तेव्हा सारा दोष शाळेच्या माथी मारता येत नाही.

‘इट इज आय’ हा लॅटिनच्या धर्तीवरील आग्रह आज फार औपचारिक वाटतो. बोलताना ‘इट्स मी’ हेच रूढ आहे. ‘दॅन’नंतरचा वाद अधिक अर्थपूर्ण आहे. ‘शी लाइक्स यू मोर दॅन आय’ म्हणजे मला तू जितका आवडतोस त्याहून तिला जास्त आवडतोस. ‘दॅन मी’ म्हटले तर तिला माझ्यापेक्षा तू जास्त आवडतोस, असा अर्थ निघू शकतो. मात्र बोलीत ‘दॅन मी’ दोन्ही अर्थांनी चालते. नेमकेपणा हवा असेल तर ‘दॅन आय डू’ असे क्रियापद जोडावे.

‘हू’चे कर्मरूप ‘हूम’ बोलण्यातून मागे पडत चालले आहे; ‘टू हूम’सारख्या रचनांत ते अजून तग धरून आहे. ‘द मॅन हू आय थिंक इज द थीफ’ यात ‘हूम’ घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण ‘आय थिंक’ बाजूला ठेवले की ‘हू’ हा ‘इज’चा कर्ता आहे हे दिसते.