ब्लॉकवर ठोकलेले आकडे : जुन्या इंजिनाच्या ओळखीची पार्श्वभूमी

नागपुरातील महाल भागातल्या एका वाड्यात वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली युद्धकाळातील जीप गेल्या उन्हाळ्यात बाहेर काढली, तेव्हा तिच्या नोंदणीपुस्तकात इंजिन आणि चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) या दोन्ही रकान्यांत एकच क्रमांक आढळला. कारकुनाने चुकून तोच आकडा दोनदा उतरवला असावा, असा घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात ती नोंद अचूक होती, आणि ती अचूक का होती हे कळण्यासाठी इंजिनावर क्रमांक ठोकण्याची पद्धत कुठून आली ते पाहावे लागते.

फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आणली, तेव्हा इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक मानला जाई. तो कारखान्याच्या हिशेबासाठी होता. पुढे अमेरिकेत मोटारचोरी इतकी वाढली की, चोरलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध १९१९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तिथल्या अनेक राज्यांत १९५० च्या दशकापर्यंत मालकीचे कागद इंजिनाच्या क्रमांकावरच निघत राहिले. यात एक मूलभूत अडचण होती. इंजिन हा बदलता येणारा भाग आहे. मॉडेल टी १९२७ मध्ये बंद झाली, तरी तिची इंजिने १९४१ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे केवळ इंजिनाच्या क्रमांकावरून गाडीचे वय सांगणे धोक्याचे ठरते.

ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. साच्यातून ओतताना उमटलेले आकडे पृष्ठभागाच्या वर उठून दिसतात. ते ओतकामाचा नमुना आणि तारीख सांगतात, आणि नमुन्याचा एकच क्रमांक हजारो ब्लॉकांवर असतो. यंत्राने सपाट केलेल्या छोट्या जागेवर पंचाने ठोकलेले आकडे मात्र खोलगट असतात व त्या एका इंजिनाचे असतात. शेवरोले या अमेरिकी मोटार कंपनीच्या ओतीव तारखेत महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, मग दिवस आणि वर्षाचा केवळ शेवटचा अंक असे. ‘एच १४ ३’ म्हणजे १४ ऑगस्ट, परंतु वर्ष १९४३ की १९५३, हे तिथे लिहिलेले नसते. अमेरिकेत १९४२ च्या आरंभीच खासगी मोटारींचे उत्पादन थांबले होते, हे ठाऊक असलेला माणूस मोटारीच्या इंजिनाबाबत आधी १९५३ चा विचार करतो. असा निष्कर्ष काढायला इतिहास लागतो, केवळ तक्ता पुरत नाही.

महालातल्या जीपचे कोडेही असेच सुटले. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. विलीजच्या गाड्यांत इंजिन आणि चॅसी यांचे क्रमांक वेगवेगळे असत, तर फोर्डने आपली जुनी रीत कायम ठेवून इंजिनाचाच क्रमांक चॅसीच्या डाव्या दांडीवर ठोकला. दोन्ही रकान्यांतला सारखा आकडा ही म्हणूनच फोर्डची खूण होती.

नागपूरच्या कागदपत्रांचा प्रवासही विसरता येत नाही. हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी झाले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कार्यालयांची व्यवस्था बदलली की नोंदी पुन्हा हाताने उतरवल्या जात, आणि तीनाचा आठ व्हायला पुसट शाई पुरेशी असते. कागद आणि लोखंड यांत फरक पडला, तर माझ्या मते आधी लोखंड वाचावे.

ते वाचायचे कसे, हे त्या जीपवरच पाहायला मिळाले. ब्लॉकवरचा तेलकट थर घासलेटने भिजवून चिंधीने पुसला. तारेचा ब्रश मुद्दाम टाळला, कारण त्याने उथळ ठसे बुजतात. मग पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली, परिवहन कार्यालयात चॅसी क्रमांकाचा छाप घेतात तशीच. कागदावर ‘जीपीडब्ल्यू’ ही फोर्डची अक्षरे उमटली नाहीत. उमटले ते ‘४जे’. ही खूण विलीजच्या युद्धोत्तर सीजे-३बी जीपच्या इंजिनाची आहे. हेडवरचे, म्हणजे ब्लॉकच्या माथ्यावर बसणाऱ्या भागावरचे, टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचे झाकण) तर आकड्यांच्याही आधी तेच सांगत होते, कारण युद्धकाळातील इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत आणि त्याचे हेड सपाट दिसे. चॅसीवरचा क्रमांक मात्र पुस्तकाशी तंतोतंत जुळला. म्हणजे गाडी फोर्डचीच होती, पण तिचे मूळ इंजिन कधीतरी बदलले गेले होते.

या फरकाला आज व्यावहारिक महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, आणि त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. वाड्यातल्या मंडळींनी इंजिनाचा छाप नोंदणीपुस्तकात जपून ठेवला आहे आणि आता ते सपाट हेडच्या, ‘जीपीडब्ल्यू’ अक्षरांच्या ब्लॉकचा शोध घेत आहेत.